आधी काटा, मग पाटा
(प्रस्तावना)

हंगाम उतरणीला लागला होता. साखर कारखान्याच्या काट्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि त्या रांगेत मधोमध माझी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, “काय भरलंय?”

“घर आहे,” मी म्हटलं.

त्यानं गाडीकडं बघितलं, मागं टांगलेल्या सायकलींकडं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहीत दुसरा प्रश्न टाकला, “भरलेलं का रिकामं?”

त्यानं सवयीनं विचारलं होतं. उसाच्या गाडीचं वजन दोनदा होतं, येताना भरलेली आणि जाताना रिकामी. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. मला मात्र उत्तर सुचेना. या गाडीत पलंग, ओटा, कपाटं, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, पंखा असं सगळं कायमचं बसवलेलं. ती रिकामी होणार कधी? माल उतरवून हलकी होणारी गाडी वेगळी आणि आपलं घर पाठीवर घेऊन जन्मभर फिरणारी गोगलगाय वेगळी. ही पुस्तिका त्या गोगलगायीच्या पायांविषयी आहे. जुन्या कॅम्पर व्हॅनचे पाटे आणि शॉकअप बदलायची वेळ आली की काय निवडावं, कशावरून निवडावं आणि कशाच्या मोहात पडू नये, एवढाच तिचा विषय.

असल्या पुस्तिकेच्या लेखकानं आधी आपली चूक कबूल करावी, म्हणजे वाचकाला पुढचं खरं वाटतं. तेरा वर्षं शाळेच्या मुलांची ने-आण करून दमलेली ट्रॅव्हलर मी घेतली, आतली बाकं काढली आणि सुताराला हाताशी धरून तिचं घर केलं. सहा महिन्यांत ती मागून बसली आणि डावीकडं कलली. हायवेवरच्या एका गॅरेजात दाखवली. “दोन पाटे वाढवतो, दहा वर्षं बघायला नको,” असं आश्वासन मिळालं आणि दोन तासांत काम झालंही. गाडी मागून अशी उचलली गेली की मलाच अभिमान वाटला. त्यानंतर आंबा घाट उतरून रत्नागिरीला पोचेपर्यंत कपाटाचं बिजागर निखळलं, लोणच्याची बरणी फुटली आणि बायकोनं विचारलं, “ही गाडी आहे का मळणीयंत्र?” वर्षभरात मुख्य पाट्याला मधल्या बोल्टापाशी तडा गेला. आणि एवढं सोसूनही गाडीचा डावीकडचा कल थोडा कमी झाला इतकंच, गेला नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी वाकून बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “पाटं वाढवून काय हुतंय, साहेब? वजन कुठं बसलंय ते बघा की आधी. काट्यावर जावा.”

म्हणून मी त्या उसाच्या रांगेत होतो. आधी पूर्ण गाडी, मग नुसता पुढचा ॲक्सल, मग नुसता मागचा, आणि शेवटी मागचं एकेक चाक, असं वजन केलं. पुढं १,२४० किलो, मागं १,७२०. एकूण वजन आरसी बुकावरच्या मर्यादेच्या आतच होतं, म्हणजे गाडी जड झालीय हा माझा समज साफ चुकीचा होता. खरी गोम पुढच्या दोन आकड्यांत होती. मागच्या डाव्या चाकावर ९६० किलो, उजव्यावर ७६०. ओटा डावीकडं, पाण्याची टाकी डावीकडं, बॅटरीही डावीकडं. सुताराला एका भिंतीला सगळं लावणं सोपं पडलं होतं आणि मला ते नीटनेटकं दिसलं होतं. पन्नास किलोची बॅटरी उजव्या भिंतीला नेल्यावर फरक शंभरेक किलोनं उतरला. शंभर लिटरची टाकी मधोमध, मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढं घेतल्यावर उरलेलाही जवळजवळ संपला. एकही नवा पाटा न घालता गाडी सरळ उभी राहिली. त्यानंतर वाढवलेले दोन्ही पाटे काढून मूळ मापाचा नवा संच बसवला, शॉकअप बदलले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: आधी काटा, मग पाटा. या पुस्तिकेचं सार इतकंच. बाकीची पानं त्या चार शब्दांचा हिशोब आहे.

ट्रॅव्हलरच का, हे सांगायला हवं. आपल्याकडं छोट्या मालगाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात, ते मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. तिच्याशी करार करून उभी राहिलेली पुण्याची बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स. १९८० च्या दशकात या कंपनीनं मर्सिडीज-बेंझच्या ज्या व्हॅनवरून ट्रॅव्हलर घडवली, ती जर्मनीत १९७७ साली बाजारात आली होती. ब्रेमेनला बनायची म्हणून तिकडं तिला ‘ब्रेमेनची गाडी’ असंच म्हणत. गंमत अशी की तिकडंही या व्हॅनचं निवृत्तीनंतरचं आयुष्य कॅम्पर म्हणूनच गेलं; युरोपातल्या कितीतरी भटक्यांनी तिच्यात पलंग टाकून वाळवंटं तुडवली. कारण तिचा साधेपणा. मजबूत सांगाडा, मागच्या चाकांना ओढ, आणि पुढं-मागं दोन्हीकडं एकसंध ॲक्सल आणि पाटे. कुठल्याही तालुक्याच्या गावी हातोडा आणि पान्यांवर खोलता येईल अशी रचना. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं त्याच्या आधीपासून आपल्याकडचे हौशी लोक जुन्या ट्रॅव्हलरी घेऊन सुताराकडं जातच होते. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे.

पण या गाडीचा मूळ पाटा कुणासाठी घडवला होता? सकाळी डेपोतून एकटा ड्रायव्हर निघणार, तासाभरात गाडी माणसांनी भरणार, संध्याकाळी पुन्हा रिकामी. पाट्याला ही दोन्ही टोकं सांभाळायची होती. म्हणून अशा गाड्या रिकाम्या असताना आदळतात आणि भरल्यावर मऊ चालतात. एसटीतून शेवटच्या फेरीला प्रवास केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. कॅम्परची गोष्ट उलटी. तिचं वजन रोज जवळपास तेच, टाकी भरली-रिकामी झाली तर शंभर किलोंचा फरक. म्हणजे तिच्यासाठी एकाच वजनाला नेमका बसणारा पाटा निवडता येतो. मालगाडीच्या मालकाला कधीच न मिळणारी ही चैन आहे. मात्र ते एक वजन आधी माहीत पाहिजे.

पहिला भाग पाट्यांचा. त्यातलं मूळ तत्त्व साडेतीनशे वर्षं जुनं आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला ते सापडलं. पण दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून त्यानं १६७६ मध्ये ते वाक्य सरळ न छापता त्यातली अक्षरं वर्णक्रमानं लावून नुसतं कोडं छापलं आणि दोन वर्षांनी उकलून सांगितलं. जितका भार, तितका ताण. शंभर किलोला एक सेंटिमीटर दबणारा पाटा दोनशे किलोला दोन सेंटिमीटर दबेल. हे प्रमाण म्हणजे त्या पाट्याचा कडकपणा, आणि तो पाट्याच्या मापांवर आणि पोलादाच्या जातीवर ठरतो, वयावर नाही.

इथं आपली भाषा गॅरेजातल्या अनेक सल्ल्यांपेक्षा शहाणी ठरते. जुन्या पाट्याला आपण ‘मऊ झाला’ म्हणत नाही, ‘बसला’ म्हणतो. तेच खरं आहे. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून पाट्याची कमान सपाट होते, गाडी खाली येते. पण वरून आणखी शंभर किलो ठेवले तर तो नव्यासारखाच तेवढाच दबतो. उंची गेलेली असते, कडकपणा नाही. मग बसलेल्या गाडीवर उपाय म्हणून कडक पाटा घालणं म्हणजे म्हातारपणी वाकलेल्या माणसाला छातीवर पत्रा बांधून सरळ उभं करणं. त्याला हवी असते ती मूळ कमान. जुने पाटे ठोकून पुन्हा कमान देतात, ते काम स्वस्त पडतं. पण थंड ठोकलेला पाटा बहुधा लवकरच पुन्हा बसतो, आणि भट्टीत तापवून ठोकलेल्याला पुन्हा नीट पाणी चढवलं नाही तर तो बसतो तरी किंवा तुटतो तरी. कामचलाऊ उपाय म्हणून हरकत नाही. सह्याद्रीचे घाट चढणाऱ्या घराखाली मात्र नवा संच घालावा.

नवा संच घेताना पट्टीपेक्षा व्हर्नियर महत्त्वाचा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणं वाढतो. आठ मिलिमीटर जाड पाट्याच्या जागी नऊचा घातला तर जाडी वाढली जेमतेम साडेबारा टक्के. कडकपणा वाढला बेचाळीस टक्के. दुकानदार ‘थोडा जाड’ म्हणून जो देतो तो थोडा नसतो. संख्या वाढवणं त्या मानानं सौम्य: एकाच जाडीच्या सहा पाट्यांत दोन वाढवले, तर कडकपणा एक तृतीयांशानं वाढतो. माझी लोणच्याची बरणी त्या एक तृतीयांशानं फोडली.

कशी, तेही मोजता येतं. पाट्यावर टेकलेली गाडी म्हणजे झोका. तिच्या वजनानं पाटा जितका दबून राहतो, तितका तिचा झोका संथ. पंचवीस सेंटिमीटर दबणारी गाडी मिनिटाला सुमारे साठ हेलकावे घेते, दहा सेंटिमीटर दबणारी पंचाण्णव. माणसाच्या शरीराला साठ ते नव्वदच्या दरम्यानचा ठेका मानवतो. त्याच्या खूप खाली गेलं तर बोटीसारखं मळमळतं, वर गेलं की कंबर बोलायला लागते. दहा सेंटिमीटर दबणाऱ्या गाडीचा कडकपणा एक तृतीयांशानं वाढवला, की ती साडेसात सेंटिमीटरच दबते आणि ठेका एकशे नऊवर जातो. हा काही कॅम्परला साजणारा ठेका नाही.

याच्या पुढची पायरी मॉरिस ओली या अभियंत्यानं दाखवली. रोल्स-रॉइस सोडून तो १९३० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सकडं गेला आणि पुढं-मागं वजनं सरकवता येतील अशी एक प्रयोगाची गाडी त्यानं बनवली. त्यातून निघालेला नियम ऐकायला उलटा वाटतो: गाडीचा पुढचा ठेका मागच्यापेक्षा किंचित संथ हवा. खड्डा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मागच्याला क्षणभरानं. मागचा भाग उशिरा डोलायला लागतो, म्हणून त्यानं थोडं घाईनं डोललं तर तो पुढच्याला गाठतो आणि सबंध गाडी एकदमच वर-खाली होते. मागचा ठेका संथ राहिला तर पुढचं वर, मागचं खाली असा पाळणा सुरू होतो. कॅम्परचं दुखणं नेमकं इथं असतं. सायकली, अवजारांची पेटी, जादा चाक असं सगळं मागच्या दाराला लटकवलं, की मागचं वजन वाढून मागचा ठेका मंदावतो. वरून आणखी एक हिशोब असतो, तो सहसा कुणी करत नाही. समजा, चाकांमधलं अंतर ३.३५ मीटर आहे आणि साठ किलोचं सामान मागच्या ॲक्सलच्या १.६ मीटर मागं लटकतंय. मागच्या ॲक्सलवर साठ नव्हे, सुमारे एकोणनव्वद किलो येतात आणि पुढच्यावरचे एकोणतीस कमी होतात. तराजूच्या दांडीचं हे गणित भाजीवाल्या मावशींना पाठ असतं. फक्त आपण ते गाडीला लावत नाही. सुकाणू हलकं लागतंय, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरल्यासारखी वाटतात अशी तक्रार आली, की मिस्त्रींचा पहिला प्रश्न असायचा, “मागं काय टांगलंय?”

वजनाच्या बाबतीत घर बांधणाऱ्याचा अंदाज नेहमी कमी पडतो, म्हणून एक प्रकरण फक्त त्यावर आहे. अठरा मिलिमीटर प्लायची आठ-बाय-चारची एक शीट साधारण पस्तीस किलोची असते, आणि सुतार अशा सहा-सात शीट सहज जिरवतो. पाण्याचा लिटरला किलो. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीला पन्नास. ग्रॅनाइटच्या ओट्याचा मोह झालाच, तर आधी तो तुकडा स्वतः उचलून गाडीत चढवून बघावा. मोह आपोआप उतरतो.

आपल्या रस्त्यांवर पाटा नुसता भार पेलत नाही, ॲक्सलला जागेवर धरायचं कामही तोच करतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत त्यासाठी वेगळे दांडे असतात. पाट्याच्या गाडीत मधला बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. म्हणून या पुस्तिकेत यू-बोल्टवर जेवढी पानं आहेत तेवढी पाट्यांवरही नाहीत, असं कुणाला वाटेल. वाटू दे. पाटा बदलला की यू-बोल्ट नवेच घालावेत, पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. मधल्या बोल्टापाशी तुटलेल्या पाट्याचं मूळ बहुतेक वेळा ढिल्या यू-बोल्टातच सापडतं. रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जॅकवरून उतरून चाकांवर उभी राहिल्यावरच. टांगत्या गाडीत आवळले तर रबर जन्मभर पीळ सोसत राहतं आणि लवकर फाटतं.

पाट्यांचे दोन प्रकार. जुन्या पद्धतीचा जाड जुडगा, ज्यात पाटे एकमेकांवर घासतात. आणि पॅराबोलिक, ज्यात दोन-तीनच पाटे असतात, मध्ये जाड आणि टोकांकडं निमुळते होत गेलेले, फक्त मध्यावर आणि टोकांना टेकणारे. जुडग्यातलं घासणं हा दोष आहे तसा गुणही. गंज धरला की पाटे चिकटतात, गाडी लाकडासारखी चालते आणि लोक नवा संच आणायला धावतात; कधी कधी संच खोलून, घासून, ग्रीस लावून परत बसवला तरी निम्मं दुखणं जातं. पण तेच घासणं हेलकावे आवरायलाही मदत करत असतं. पॅराबोलिक संच घातला की गाडी मऊ होते, आणि हेलकावे आवरायचं सगळं ओझं एकट्या शॉकअपवर येतं. पॅराबोलिक घालून जुनेच शॉकअप ठेवणाऱ्याला आपण बोटीत बसलोय असं वाटलं, तर दोष पाट्यांचा नाही.

इथून दुसरा भाग सुरू होतो. शॉक ॲब्सॉर्बर हे नावच मुळात फसवं आहे. धक्का शोषतो पाटा. शोषलेला धक्का पाटा परत देत राहतो, वर-खाली, वर-खाली. ते देणं थांबवण्याचं काम शॉकअपचं. नळीतल्या तेलातून दट्ट्या बारीक छिद्रांवाटे ढकलला जातो, हालचालीची ऊर्जा उष्णता होते आणि हवेत निघून जाते. खडबडीत रस्त्यावर तासभर चालवून थांबल्यावर त्याच्या नळीला हात लावून बघा, पण जपून: कामाचा शॉकअप तापलेला असतो. चारांतला एक गारच राहिला, तर तो नुसता लटकलाय, काम करत नाही.

शॉकअप भार पेलत नाही. हे वाक्य मी जाड ठशात छापायला सांगितलं आहे, कारण ‘गाडी बसलीय, कडक शॉकअप टाका’ हा सल्ला मला स्वतःला चार ठिकाणी मिळाला. बसलेली गाडी शॉकअपनं उठत नाही. दाब भरलेल्या गॅसचा शॉकअप तिला किंचित उचलेल, पण ते त्याचं काम नव्हे. त्याची निवड पाट्याचा कडकपणा आणि वजन या दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. भाषा अवघड, हिशोब सोपा: पाटा एकवीस टक्के कडक झाला, तर शॉकअप दहा टक्केच जोरकस हवा. म्हणजे क्रमही ठरला. आधी वजन, मग पाटा, शेवटी शॉकअप. उलट्या क्रमानं खरेदी करणारा माणूस चप्पल घेऊन मग पाय मोजायला बसतो.

दोन नळ्यांचा साधा शॉकअप आणि एका नळीचा गॅसचा, यांतही निवड आहे. साध्या शॉकअपात तेल आणि हवा एकाच घरात नांदतात. सतत आपटलं की तेलाला फेस येतो आणि जोर जातो. फ्रान्समध्ये ख्रिस्तियान बुर्सिए द कार्बों यानं एकाच नळीत तरत्या दट्ट्यानं गॅस आणि तेल वेगळे ठेवायची युक्ती काढली, आणि बिल्स्टाइन या जर्मन कंपनीनं ती १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. तापण्याच्या बाबतीत हा शॉकअप सरस. पण त्याची एकच नळी उडालेल्या दगडानं चेपली तर तो संपला. घाटातले डांबरी रस्ते हिंडणाऱ्यानं गॅसचा जरूर विचार करावा. कच्च्या रस्त्यानं किल्ल्यांच्या पायथ्यापर्यंत गाडी घालणाऱ्याला गॅस भरलेला दोन नळ्यांचा प्रकार मधला मार्ग म्हणून बरा. तो बसवण्याआधी उभा धरून हातानं पाच-सहा वेळा पूर्ण दाबावा-ओढावा, म्हणजे आडव्या पडलेल्या खोक्यात आत शिरलेली हवा वर निघते. हे न करता बसवला, की पहिल्या दिवशी तो खडखडतो आणि माल खराब निघाला म्हणून परत जातो.

लांबीकडं कुणी बघत नाही. पाट्यांनी गाडी पाच सेंटिमीटर उचलली आणि शॉकअप जुन्याच लांबीचा ठेवला, तर चाक खड्ड्यात उतरताना तो पुरता ताणला जाऊन ठोकर खातो. काही महिन्यांत त्याचा कान किंवा गाडीवरचा कंस तुटतो. शॉकअप पूर्ण मिटल्यावर आणि पूर्ण ताणल्यावर किती लांब भरतो, ही दोन मापं गाडीवर घेऊनच दुकानात जावं. आणि कोपऱ्यावर जोर देऊन गाडी हलवून बघायची परीक्षा छोट्या कारला ठीक. तीन टनांचं घर कुणाच्या हातानं हलणार? त्यापेक्षा गतिरोधक बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी पंचवीसनं ओलांडायला योग्य. आपल्या गावातला त्या मापाचा असेल अशी खात्री मी देत नाही. पण कुठल्याही बऱ्या गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा खाली जाऊन वर येऊन स्थिरावली पाहिजे. तिनं तीनदा मान डोलावली तर शॉकअप गेले. टायर हातानं चाचपताना रबर खवल्याखवल्यांनी झिजल्यासारखं लागलं, तरी संशय तोच. नळीवर तेलाचा ओलसर थर दिसला तर घाबरू नये. ओघळ दिसला तर बदलावा, आणि एका ॲक्सलवरचे दोन्ही मिळून बदलावेत.

तिसऱ्या भागात इतर गाड्या थोडक्यात आहेत. मारुती ओम्नीला मागं पाटे, पण पुढं स्ट्रट, म्हणून तिथं पुढची आणि मागची खरेदी दोन वेगळ्या तर्कांनी करावी लागते. परदेशातल्या आपल्या काही मित्रांकडं फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर आहेत. त्यांतल्या १९७९ पर्यंतच्या जर्मन बनावटीच्या गाड्यांना पिळाचे दांडे असतात आणि त्यानंतरच्या पिढीला चारही चाकांना कॉइल. कॉइलमध्ये तारेची जाडी घनानं नव्हे, चौथ्या घातानं बोलते. तेरा मिलिमीटरच्या जागी चौदाची तार आली की बाकी सगळं तेच असून कडकपणा एक तृतीयांशाहून जास्त वाढतो. कॉइल कापून गाडी खाली करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की वेढे कमी केले म्हणजे स्प्रिंग कडक होते. काटा मात्र सगळ्यांना एकच.

कायद्याचं एक प्रकरण इच्छा नसतानाही घालावं लागलं. पाटा वाढवला म्हणून आरसी बुकावरचं वजन वाढत नाही. ब्रेक, टायर, ॲक्सलचे बेअरिंग आणि सांगाडा यांनी ते वाढीव वजन कबूल केलेलं नसतं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परस्पर करू देत नाही. बाकं काढून पलंग टाकणाऱ्यानं आरटीओची पायरी चढूनच पुढचं काम करावं.

ही पुस्तिका कुणाला मेकॅनिक करणार नाही. पाटा खोलणं धोक्याचं काम आहे. दबलेल्या पोलादात किती जोर साठलेला असतो, हे ज्याच्या हनुवटीला लागलंय त्यालाच कळतं. खोलायचं काम जाणत्या हातांकडं सोपवा. पण कोणता पाटा, किती जाड, किती लांब शॉकअप, हे ठरवणं तुमचं काम आहे, कारण गाडीत किती भांडी आहेत आणि माळ्यावर काय कोंबलंय ते फक्त तुम्हाला माहीत असतं. गॅरेजवाला गाडी बघतो. घर तुम्ही बघायचं असतं.

आपल्याकडं ‘काटा मारणे’ म्हणजे वजनात फसवणं. पण माझ्या बाबतीत काट्यानं कुणाला फसवलं नाही. मीच काट्याला टाळून दोन वर्षं स्वतःला फसवत होतो. म्हणून या प्रस्तावनेनंतरचं पहिलं पान मुद्दाम कोरं सोडलं आहे. त्यावर फक्त चार चौकोन छापलेत: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. टाकी भरून, गॅस भरून, कपडे-भांडी-पुस्तकं आणि रोजची माणसं बसवून गाडी जवळच्या काट्यावर न्या आणि ते चौकोन भरा. काट्यावरचा माणूस विचारेल, भरलंय का रिकामं. त्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण चौकोन भरल्याशिवाय पान उलटू नका. पुढचं सगळं त्या चार आकड्यांना धरून लिहिलं आहे.